दूध पाजलेली बाळं : दोन

“तुमची पुढची कोण आहे, ते शोधायला जाऊ नका,” तपासणी केंद्रातल्या शबनम इनामदार मॅडमनी तिला सांगितलं होतं. “ठरवलं तर सापडेल, त्यात अवघड काही नाही. पण सापडल्यावर त्या बाईकडे पहिल्यासारखं बघता येत नाही. मी इथं बसून बघितलंय.”

ऋजुता मगदूमनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. आठ महिन्यांची नीरा मांडीवर होती आणि मॅडमच्या पेनचं टोपण तिच्या तोंडात जायच्या बेतात होतं. “मी कशाला शोधू?” टोपण काढून घेत ती म्हणाली. “मला माझंच होईना झालंय.”

२०४१ साली मिरजेतलं ते तपासणी केंद्र अजून नवं होतं. भिंतींना रंगाचा वास होता, आणि बायका रांगेत बसून एकमेकींना विचारत, “घंगाळात गेला होता का हो आधी कधी?” यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं. सांगली-मिरजेच्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं घंगाळ करून टाकलं, कारण ते दिसायचंही तसंच. एक पलंग, पलंगाला मध्ये गोल भोक, भोकाखाली कोमट पाण्यानं भरलेलं भांडं. पालथं झोपायचं, एक बाजू पाण्यात सोडायची आणि तीन मिनिटं श्वास संथ ठेवायचा. भांड्याच्या कडेला दोन हजार बारीक कर्णे होते. आळीपाळीनं एकेक कर्णा माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडी आणि बाकीचे तो टिपून घेत. आवाज चरबीतून सावकाश जातो, दुधाच्या ग्रंथींतून जरा लवकर, घट्ट गाठीतून त्याहून लवकर. तो कुठून किती वेळात पोचला, यावरून आतला सगळा नकाशा उभा राही. दाबणं नाही, चिमटणं नाही.

पण खरं नवल नकाशाचं नव्हतं. असे लाखो नकाशे एकत्र आले तेव्हा लक्षात आलं, की सुईनं तुकडा काढून ‘साधी गाठ’ असा निकाल आलेल्या बायकांचे नकाशे पुढे वाट्टेल तसे बदलत नाहीत. ज्यांची ग्रंथींची ठेवण, वय, बाळंतपणं, दूध पाजण्याचा काळ, इतकंच काय प्यायचं पाणीही सारखं, त्यांचे नकाशे एकाच वाटेनं जातात. कुणी त्या वाटेवर पुढे असते, कुणी मागे. मग संगणकानं प्रत्येकीला एक ‘पुढची’ शोधून दिली. तुमच्यासारखीच, पण तुमच्या दोनेक वर्षं आधी निघालेली. पूर्वी साधी गाठ निघाली तरी सहा महिन्यांनी या, मग वर्षानं या, असा नियम असे. बायका एकदा येत, दुसऱ्यांदा येत नसत. आता तुमची पुढची शांत असली तर तुमची तारीख लांबत जाई. तिच्यात काही हललं, की तुम्हाला ताबडतोब बोलावणं. आणि तुम्हीही कुणाची तरी पुढची असायचातच. नावं गुप्त. फोनवर फक्त चार ओळी.

ऋजुताच्या फोनवर त्या अशा होत्या :

पुढची : वय ३१, कृष्णाकाठ विभाग.
प्रसूती : १
दूध पाजलेली बाळं : १
शेवटच्या तपासणीत बदल नाही.

सकाळी दूध तापत ठेवलं की ती फोन उघडून ही शेवटची ओळ बघे. सन्मति, तिचा नवरा, चेष्टा करायचा. “शेअर बाजार बघतात तसं बघतेस. पडला का?”

“पडला की तुलाच सांगीन आधी,” ती म्हणे.

तिची गाठ नीराच्या जन्मानंतर सातव्या आठवड्यात हाताला लागली होती. तुकडा काढला, निकाल आला : दुधाच्या दिवसांत होणारी साधी गाठ, काळजीचं कारण नाही. गाठ होती तिथं तिळाएवढी धातूची खूण सोडली, म्हणजे पुढच्या नकाशांत जागा ओळखता येईल. पण सुईच्या जखमेतून दूध झिरपत राहिलं, मग पू झाला, मग ताप. डॉक्टर सांगत होते, दुसऱ्या बाजूनं पाजत राहा, काही होत नाही. ऋजुतानं एमएस्सी केलेलं होतं, तिला ते कळत होतं. कळून उपयोग झाला नाही. नीराला जवळ घेतलं की तिचं स्वतःचं अंग आखडे. दहा दिवसांत दूध आटलं.

नीरा बाटली तोंडाला लावू देईना. तिनं घर डोक्यावर घेतलं. तेव्हा वरच्या मजल्यावरून तिची थोरली जाऊ, पद्मजा वहिनी, खाली आली. तिचा अर्हम नीरापेक्षा साडेतीन महिन्यांनी मोठा. तिनं काही विचारलं नाही. नीराला उचललं, भिंतीकडे तोंड करून बसली आणि दोन मिनिटांत घर शांत झालं.

ती शांतता ऋजुता कधी विसरली नाही. पुढचे सात महिने दिवसातून पाच-सहा वेळा ती शांतता वरच्या मजल्यावर व्हायची, आणि खाली ऋजुता स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवायची.

नीरा दोन वर्षांची झाली तरी तिला काही लागलं, खुपलं, की ती आईला ओलांडून जिन्याकडे धावायची. सासूबाईंना त्याचं फार कौतुक.

“दूधआई ती तिची,” त्या आल्यागेल्याला सांगत. “रक्तापेक्षा दुधाची ओढ दांडगी असते बघा.”

“मग आई, रात्रभर खोकल्यानं उठते तेव्हा दूधआईकडे धाडू का वर?” ऋजुता एकदा म्हणाली.

“धाड की. ती काय नको म्हणंल?”

ती नको म्हणणार नाही, हेच तर ऋजुताला खुपत होतं. पद्मजाचं लग्न आधी, तिचं बाळ आधी, तिच्या भाकऱ्या जास्त पातळ, तिला दूध दोघांना पुरेल एवढं. आणि वर तिच्याविरुद्ध बोलायला जागाच नाही. कधी टोमणा नाही, उपकाराची भाषा नाही. नीराला परत देताना म्हणायची, “घे गं तुझी वाघीण. चावते लबाड.” वाईट वागली असती तर ऋजुताला तिच्यावर रागवून मोकळं होता आलं असतं.

एका बुधवारी सकाळी दूध तापत होतं आणि ऋजुतानं फोन उघडला. शेवटची ओळ तीच होती. बदल नाही, शेजारी तपासणीची तारीख कालची. तिला बरं वाटलं. फोन ठेवता ठेवता तिचं लक्ष वरच्या ओळीकडे गेलं.

प्रसूती : १
दूध पाजलेली बाळं : २

परवापर्यंत तिथं एक होता. दर तपासणीला नवा तक्ता भरून घेतात, हे तिला माहीत होतं. जुळी असतील, असं आधी मनात आलं. पण मग आधीपासूनच दोन असते. बाई बाळंत एकदाच झाली आणि मधल्या काळात दुसऱ्या कुणाचं तरी बाळ तिनं पाजलं. वय आता तेहतीस. कृष्णाकाठ. तपासणी काल, मंगळवारी.

मंगळवारी पद्मजा ब्लाऊज शिवायला टाकायचं म्हणून मिरजेला गेली होती. अर्हमला खाली ठेवून. येताना दोन्ही पोरांना चिक्की घेऊन आली होती.

दूध उतू गेलं. सासूबाई बाहेरून ओरडल्या, “ऋजुता, वास येतोय.” तिला वास आला नाही.

त्या दिवसभरात तिच्या मनात काय काय येऊन गेलं, ते तिनं सन्मतिलाही सांगितलं नाही. वहिनींना गाठ होती. लग्नानंतर कधीतरी, सगळ्यांच्या नकळत. आणि ती लपवून त्यांनी माझ्या मुलीला पाजलं. हा पहिला राग, आणि तो रास्त वाटला म्हणून तिनं तो बराच वेळ धरून ठेवला. पण त्याच्या खाली दुसरं होतं. संगणकानं लाखो बायका चाळून सांगितलं होतं, की तुझ्यासारखी ही. तुझं शरीर हिच्या मागून चाललंय. जी बाई घरात सगळ्यात पुढे, ती कातडीच्या आतसुद्धा पुढेच. आणि त्याच्याही खाली तो आकडा. दोन. केंद्रातल्या टेबलावर बसून, हातात पेन घेऊन, पद्मजानं नीराला आपल्यात मोजलं होतं.

संध्याकाळी ती वर गेली. पद्मजा शेंगा सोलत बसली होती. नीरा तिच्या पाठीला टेकून, अर्हमशी भांडत.

“ब्लाऊज टाकलं का हो वहिनी?”

“टाकलं की. पंधरा दिवस म्हणाला टेलर. म्हणजे महिना.”

“मिरजेत ते घंगाळ आलंय म्हणे नवीन, साठीपुढच्या बायकांसाठी. आईंना घेऊन जावं का?”

पद्मजाचा हात क्षणभर थांबला. मग शेंग कट्‌कन फुटली. “आईंना? पालथं झोप म्हटलं तर डॉक्टरलाच पालथा घालतील त्या,” ती हसली. “तू जाऊन येतेस ना वेळेवर?”

“येते.”

“मग झालं,” पद्मजा म्हणाली आणि सोललेले दाणे नीराच्या तळहातावर ठेवले. नीरानं ते एकेक करून खाल्ले आणि आईकडे बघितलंही नाही.

चार ओळींच्या खाली, फिक्या अक्षरांत, एक वाक्य असे : ‘यातली माहिती चुकीची वाटते का?’ पद्धत नवी होती. बायका आकडे चुकवत, मदतनीस चुकीचं बटण दाबत, आणि एक चुकलेला आकडा मागच्या बाईची तारीख चुकवू शकत होता. म्हणून मागचीला शंका घ्यायची मुभा होती.

ऋजुतानं त्या वाक्यावर बोट ठेवलं आणि लिहिलं : ‘प्रसूती एक असताना दूध पाजलेली बाळं दोन कशी? नोंद खरी वाटत नाही.’

खोटं असं तिनं काही लिहिलं नव्हतं. फक्त प्रश्न विचारला होता. हे तिनं स्वतःला पुढे पुष्कळदा सांगितलं.

दोन दिवसांनी तिच्या फोनवर नवीन पुढची आली. वय ३५, प्रसूती २, दूध पाजलेली बाळं २, बदल नाही. कोण कुठली बाई, कऱ्हाडची नाहीतर इस्लामपूरची, जिच्या हातात नीरा कधी गेली नव्हती. ऋजुताला इतकं हलकं वाटलं, की तिनं त्या दिवशी गव्हाची खीर केली आणि वाटीभर वरसुद्धा पाठवली.

“काय विशेष?” सन्मतिनं विचारलं.

“विशेष असल्याशिवाय करू नये का?”

“करावी की. वहिनींना पाठवलीस म्हणून विचारलं.” तो वाटी चाटूनपुसून खात होता. “तू त्यांच्यावर जळतेस गं थोडी. म्हणजे, मला वाटतं.”

“मी? कशाबद्दल?”

“ते मला काय माहीत. तू सांगशील तर कळंल.”

तिनं त्याची वाटी उचलून नेली. त्यात अजून दोन घास होते.

दहा महिने गेले. मार्चमध्ये सासूबाईंच्या भाचीचं लग्न निघालं, इचलकरंजीला. सकाळी आठला गाडी निघणार होती आणि साडेसातला पद्मजाची साडी व्हायची होती. ऋजुता वर गेली. पद्मजा साडी अर्धवट गुंडाळून आरशासमोर उभी होती, अंगात ते मिरजेचं पोलकं, खोल गळ्याचं.

“बरी आलीस. निऱ्या धर गं जरा. मला पिन लावू दे.”

ऋजुतानं गुडघ्यावर बसून निऱ्या धरल्या. पद्मजानं खांद्याला पिन लावायला डावा हात वर केला. गळ्याच्या काठाशी, डावीकडच्या गोऱ्या कातडीवर, एक खड्डा पडला. गादीला टाका घातल्यावर पडतो तसा. हात खाली आला, खड्डा गेला. पदर नीट बसेना म्हणून तिनं या वेळी दोन्ही हात वर केले. खड्डा परत आला, जास्त खोल.

ऋजुताच्या मनात सगळ्यात आधी जे आलं, ते असं : मला तसा नाही. अंघोळीच्या वेळी मी रोज बघते. ते येऊन गेल्यावर मग बाकीचं सगळं आलं आणि तिच्या हातातल्या निऱ्या सुटल्या.

“अगं धर ना.”

“वहिनी,” तिनं निऱ्या पुन्हा गोळा केल्या. “तुमची घंगाळाची पुढची तारीख कधी आहे?”

आरशातली पद्मजा तिच्याकडे बघत राहिली. बाहेर सासूबाई ड्रायव्हरला पाणी विचारत होत्या.

“तुला कुणी सांगितलं?”

“कधी आहे तारीख?”

“आलीच नाही अजून,” पद्मजा हळू आवाजात म्हणाली. “मागच्या वर्षी मे महिन्यात गेले होते. सहा महिन्यांनी बोलावू म्हणाले होते. बोलावलं नाही, म्हणजे पुढची ठीक असणार, तारीख लांबवली असणार. तसंच असतं ना ते? काही असलं तर ते सोडतात होय?”

बोलावलं नाही म्हणजे ठीक आहे. सगळ्या बायका आता असंच म्हणत. पूर्वी तारीख लक्षात ठेवायची जबाबदारी आपली होती, तेव्हा विसरल्याची धाकधूक तरी असे. आता यंत्र लक्षात ठेवत होतं, आणि ते गप्प बसलं की बायका निर्धास्त होत.

“हात वर करा,” ऋजुता म्हणाली. “आरशात बघा. हे कधीपासून आहे?”

पद्मजानं बघितलं. तिनं डावा हात परत वर केला आणि तसाच ठेवला. मग म्हणाली, “पोलकं घट्ट झालंय, मला वाटलं.”

सोमवारी दोघी मिरजेला निघाल्या. घरी सांगितलं, ऋजुताची तपासणी आहे, सोबत वहिनी. नीराला आणि अर्हमला सासूबाईंकडे ठेवलं. रिक्षातून जाताना ऋजुतानं तीनदा तोंड उघडलं. एकदा सिग्नल आला, एकदा पद्मजानं विचारलं, “जेवायला काय ठेवलंस पोरांना?”, आणि तिसऱ्यांदा केंद्रच आलं.

काउंटरवरच्या मुलीनं अंगठा घेतला, पडद्याकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “मॅडम, तुमची नोंद थांबवलेली दिसतेय. मागच्या मेपासून. म्हणून तारीख निघाली नाही.”

“थांबवलीय? का?”

“शंका आली होती कुणाची तरी. पडताळणीला तीन फोन केलेत आम्ही. उचलला नाहीत.”

“अनोळखी नंबर मी घेत नाही. दिवसाला वीस येतात.”

“सगळ्याच नाही घेत,” मुलगी म्हणाली. “आणि ॲप पण काढून टाकलंय तुम्ही.”

“मुलगा फोन घेऊन घरभर हिंडतो. कुणाच्या तरी हातात जायचा.” पद्मजा पुढे वाकली. “शंका कसली पण?”

मुलीनं पडदा वळवला. पद्मजानं वाचलं. मग मोठ्यानं वाचलं, जणू नीट वाचता येत नव्हतं म्हणून. “प्रसूती एक असताना दूध पाजलेली बाळं दोन कशी. नोंद खरी वाटत नाही.” तिनं मान वर केली. “कुणी लिहिलंय हे?”

“नाव नाही दाखवत. मागचीनं लिहिलंय, एवढंच आहे.”

“मी,” ऋजुता म्हणाली.

काउंटरवरची मुलगी एकदम कागद लावायला लागली. 

“तू माझी मागची?” पद्मजानं विचारलं.

“होते.”

“आणि तुला माहीत नव्हतं, दुसरं बाळ कोणाचं ते?”

“माहीत होतं.”

पद्मजा बाकावर जाऊन बसली. पर्स मांडीवर घेतली आणि तिचा बंद उघडत-लावत राहिली. ऋजुता समोर उभी होती. बसावं की नाही, तिला कळेना.

“मी तो आकडा का लिहिला, सांगू?” पद्मजा म्हणाली. “त्यांनी विचारलं म्हणून. किती बाळांना पाजलंत. घरात सगळ्यांनी कौतुक केलं, पण कुणी असं सरळ विचारलं नव्हतं. एक लिहिलं असतं तर नकाशा चुकला असता. म्हटलं, माझ्यामागे कुणीतरी असेल, तिला त्रास नको.”

“वहिनी, तुम्ही गाठ लपवलीत. मला वाटलं...”

“लपवली. तुझी पोर आठ तास उपाशी होती त्या दिवशी. डॉक्टरांना मी आधीच विचारलं होतं, अर्हमच्या वेळी. दुधाला काही होत नाही म्हणाले. पण आईंना कळलं असतं तर त्यांनी तिला माझ्या मांडीवर दिलं असतं? गाठीवाल्या बाईचं दूध म्हणाल्या असत्या. तू दिलं असतंस?”

ऋजुताकडे उत्तर होतं. ते नाही असंच होतं, आणि ते दोघींनाही कळलं.

“तुला तिची आई व्हायला मी कधी आडवी आले गं?” पद्मजानं विचारलं. आवाज चढला नव्हता. खरंच उत्तर हवं असल्यासारखं विचारलं.

“नाही आलात. म्हणूनच.”

इनामदार मॅडम आतून बाहेर आल्या. त्यांना काय समजलं होतं कोण जाणे, पण त्यांनी ऋजुताला एका शब्दानं ‘मी सांगितलं होतं’ असं म्हटलं नाही. त्यांनी फक्त एक कागद पुढे केला. शंका मागे घ्यायची तर खरं काय ते लिहून सही करावी लागे, त्याशिवाय नोंद उघडत नव्हती आणि घंगाळही.

ऋजुतानं लिहिलं : ‘माझी मुलगी नीरा सन्मति मगदूम हिला वयाच्या तिसऱ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत पद्मजा देवेंद्र मगदूम यांनी अंगावर पाजलं. नोंद बरोबर आहे. मला ती बरोबर असल्याचं तेव्हाही माहीत होतं.’ शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. सही करताना तिला स्वतःचीच चीड आली, की अजूनही, इथंही, ‘अंगावर पाजलं’ हे शब्द लिहिताना आपल्याला ते खुपतं.

पद्मजा आत गेली. तीन मिनिटं एका बाजूला, तीन दुसऱ्या. मग परत डावीकडे आणखी तीन, आणि ते परत बोलावणं बाहेर बसलेल्या ऋजुताला कळलं.

जुन्या खुणेपासून दोन बोटं दूर नवीन काहीतरी होतं. त्याच दिवशी सुई घातली. आठवड्यानं निकाल आला, आणि या वेळी तो साधा नव्हता. लहान आहे, रोग काखेतल्या गाठींत गेलेला दिसत नाही, शस्त्रक्रिया करू, मग औषधं, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऋजुतानं विचारलं, नोव्हेंबरमध्ये आल्या असत्या तर? डॉक्टर म्हणाले, नोव्हेंबरचा नकाशा असता तर मी सांगितलं असतं. तो नाही. तेव्हा काही नसेलही. तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढं असेलही. कुठलंही यंत्र आता ते सांगू शकत नाही.

घरात कळलं. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ऋजुता त्यांच्यासमोर बसली आणि फोनवर आपण काय लिहिलं होतं, ते तिनं त्यांना आणि सन्मतिला सांगितलं. सासूबाई भिंतीकडे बघत राहिल्या. सन्मति उठून बाहेर गेला आणि तासाभरानं दोन्ही पोरांसाठी केळी घेऊन आला. त्यानंतर बरेच दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. पद्मजाही ऋजुताशी बोलत होती, पण पूर्वीसारखं ‘अगं’ म्हणून नाही. “ऋजुता, ते औषध दे.” एवढंच.

शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी नीराला दवाखान्यात नेलं. नीरा सरळ पलंगावर चढली आणि पद्मजाच्या उजव्या कुशीत शिरली, जणू डावीकडे जायचं नाही हे तिला कुणी सांगितलं होतं. ऋजुता दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं होतं, आता ते खुपणार नाही. ते खुपलं. तिनं पिशवीतून डबा काढला आणि पद्मजासाठी ताटात पातळ भाजी वाढली.

शंका मागे घेतल्यावर ऋजुताच्या फोनवर जुनी पुढची परत आली होती. शेवटची ओळ आता अशी होती : ‘बदल आहे. लवकर या.’ ती गेली. तिच्या नकाशात आज तरी काही नव्हतं. निघताना तिनं इनामदार मॅडमना विचारलं, “अशा आणखी किती अडकल्यात? शंका आल्यामुळे?”

“आपल्या भागात आता एकच राहिलीय,” मॅडम म्हणाल्या. “तिच्यावर तर कुणी शंकासुद्धा घेतली नाही. संगणकानंच बाजूला काढली. नाव नाही सांगता येणार. चार ओळी सांगते, त्या तशाही कुणाला तरी दिसायच्याच. वय ४३. प्रसूती शून्य. दूध पाजलेलं बाळ एक.”

“शून्य?”

“दत्तक घेतलं असेल. गोळ्या घेऊन, बाळाला रोज लावून लावून दूध आणतात काहीजणी. महिनोन्‌महिने लागतात. संगणकाला ते माहीत नव्हतं, त्याला ती चूक वाटली. नंबर बंद लागतो. पत्ता बदललाय. सव्वा वर्ष झालं, ती आली नाही. आम्ही बोलावलं नाही म्हणून ती निवांत असणार.”

केंद्राच्या ॲपवर मागच्या-पुढच्या बायकांनी चार शब्द लिहायची एक जागा होती. बहुतेक तिथं घंगाळाचं पाणी गार असतं, अशा तक्रारी असत. ऋजुता बाहेरच्या बाकावर बसली आणि तिनं लिहायला घेतलं. दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा जे लिहिलं, ते तसंच ठेवलं :

‘हे वाचणाऱ्या बाईसाठी. सांगली, मिरज, कुपवाड, कृष्णेच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी एक त्रेचाळीस वर्षांची बाई आहे. ती कधी बाळंत झाली नाही, पण तिनं एका बाळाला अंगावर पाजलंय. हे खरं आहे, त्यात चूक काही नाही. तिच्या छातीतून एकदा तुकडा काढला होता आणि निकाल साधा आला होता. तिला पुढची तारीख आलेली नाही, आणि ती येणारही नाही. आपण ठीक आहोत असं तिला वाटत असणार. तुमच्या गल्लीत, तुमच्या भिशीत, शाळेच्या फाटकाशी अशी कुणी उभी असेल, तर तिला फोन करू नका, तो लागत नाही. तिच्या घरी जा. आज जा. आणि विचारा, मिरजेला शेवटची कधी गेली होतीस.’